मशीन स्लो आहे

मंगळवार, ७ डिसेंबर २००४

सकाळपासून माझा मिक्सर बंद, गीझर बंद, इस्त्रीला हात लावायचा नाही. का, तर त्या कॉम्प्युटरच्या डब्याचं काम चाललंय. काल मी खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली, दिवा जरा मिचमिचला आणि बाहेरच्या खोलीतून राजीव ओरडला, "आई, काय केलंस!" काय केलं? चटणी केली. सकाळपासून चाललेलं काम वाया गेलं म्हणे. चटणीने कामं वाया जातात हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. पाट्यावर वाटली असती, पण सरकारी क्वार्टर सोडताना सूनबाईंनी पाटा कबाडीवाल्याला देऊन टाकला. गुडगावच्या फ्लॅटमध्ये शोभत नाही म्हणाली.

रागाच्या भरात वर श्री लिहायचं राहिलं. असू दे. बोलले की भांडण होतं, म्हणून लिहिते. डायरी सूनबाईंच्या, म्हणजे हेमांगीच्या, बँकेची आहे, फुकट मिळालेली.

राजीव माझा एकुलता एक. दिल्लीत सरकारी ऑफिसात रेकॉर्ड विभागात होता. सगळे कागद कॉम्प्युटरवर चढले, विभाग बंद झाला, याने व्हीआरएस घेतली. आणि ज्या यंत्राने नोकरी खाल्ली तेच विकत घेऊन घरात आणून बसवलं. आता लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट त्यात उतरवतो आणि सीडीच्या चकतीवर घालून देतो. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या जुन्या कॉलनीतली मराठी माणसं. मुंजी, डोहाळजेवणं, गणपतीतली नाटकं. पहिले दोन महिने बरं चाललं होतं. शीळसुद्धा घालायचा.

गुरुवार, ९ डिसेंबर

यंत्राचं दुखणं असं आहे. लहानसहान काम असलं की पळतं. मोठी फिल्म एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायची म्हटली की जीव जातो त्याचा. बाण हलवला तर मागाहून सावकाश येतो, पाय भाजलेल्या माणसासारखा. पडद्यावर एका पिवळ्या पाकिटातून दुसऱ्या पिवळ्या पाकिटात कागद उडत जाताना दाखवतात, खाली हिरव्या ठिपक्यांची पट्टी. किती वेळ राहिला तेही येतं. एवढं खोटारडं मी माणसांतही पाहिलं नाही. अर्धा तास म्हणतं, जरा वेळाने तीन तास म्हणतं, मग परत अर्ध्या तासावर येतं.

न्यायचं कशाला, आहे तिथे राहू दे की, मी म्हटलं. तर आतली जागा भरली. म्हणून बाहेर एक लहान डबा जोडलाय, त्यात सगळं हलवायचं.

याची पद्धत ऑफिसातली. इथलं उचलायचं, तिथे ठेवायचं. इथे काही उरता कामा नये. "मूळ कागद एकच असतो आई. दोन झाले की खरा कुठला यावर भांडणं," म्हणतो. चोवीस वर्षं त्याच्या हातून एक कागद हरवला नाही, साहेब लोक नाव घ्यायचे. मला त्याचं पटतं. एकच डबा कधी या फळीवर, कधी त्या फळीवर ठेवला की शेवटी दोन्हीकडे सापडत नाही.

कुसुमची कॅसेट मीच आणून दिली. कुसुमावती म्हणजे क्वार्टरमधली आमची शेजारीण, श्रीरंगभावजींची बायको. भावजी मागच्या माघात गेले. कॉलनीच्या गणपतीत ते गायले होते त्याची कॅसेट तेवढी तिच्याकडे होती. वर पांढरी बुरशी. राजीवने कापसाने पुसून लावली तर एकदा नीट चालली, उतरून घेतली. दुसऱ्यांदा लावली तर व्हीसीआरने रीळ चावून टाकली. तुकडे झाले. कुसुमला काही वाटलं नाही, म्हणाली, "उतरली ना? मग कॅसेट फेक." आता भावजी त्या मोठ्या डब्यातच आहेत.

सोमवार, १३ डिसेंबर

आज अंशुमन आला. तिसऱ्या मजल्यावरचा, कॉम्प्युटर कंपनीत असतो, आईबाप मराठी पण जन्म इथला, त्यामुळे बोलणं खिचडी. बूट काढले नाहीत. मी बघितलं तेव्हा काढले.

"आजी, टेन्शन नको. व्हायरस असेल."

व्हायरस नव्हता. मग म्हणाला आत धूळ असेल. डबा उघडला तर खरंच मूठभर धूळ निघाली, समोरचा टॉवर उठतोय त्याची. फुंकणीने फुंकली. पट्टी होती तिथेच. मग म्हणाला मेमरी कमी आहे, उद्या आणतो.

चहा पिताना त्याने सहज विचारलं, "काका, या सगळ्याची कॉपी कुठे ठेवता?"

"कॉपी कशाला?" राजीव म्हणाला. "कट करायचं, पेस्ट करायचं. स्वच्छ काम."

अंशुमन बशीत बघत बसला. मग म्हणाला, "काका, यार, मशीन ठीक होईपर्यंत कट नका करू. बिल्कुल नका करू."

"तू जन्मायच्या आधीपासून रेकॉर्ड सांभाळतोय मी," राजीव म्हणाला.

पोरगा जाताना बूट हातात घेऊनच बाहेर गेला.

शुक्रवार, १७ डिसेंबर

मेमरी बसवली. काही फरक नाही. मग काहीतरी पुसून सगळं नवं भरलं. काही फरक नाही. पडद्यावरची चित्रं कमी केली, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा काढलं, जशी काही घड्याळाने वाट अडवली होती. फोन येतात. लोकांना आपापल्या मुंजी हव्यात. राजीव फोन घेत नाही, मी घेते आणि सांगते, मशीन स्लो आहे.

हेमांगी बँकेतून आली, पर्स ठेवली, पडद्याकडे बघून म्हणाली, "सकाळी गेले तेव्हाही एवढंच झालं होतं."

"मोठी फाईल आहे," राजीव म्हणाला.

"नोकरीपण मोठीच होती."

वाईट बोलली. पण दिवसभर खिडकीवर उभी राहून पाय सुजलेली बाई गोड कुठून बोलणार? मी दोघांना वाढलं. तिने खाल्लं, त्याने चिवडलं.

सोमवार, २० डिसेंबर

दुपारी राजीव आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "कुसुमकाकूंचं झालं. गेलं पलीकडे."

मी म्हटलं, "मग लाव की, बघू भावजींना."

"नंतर."

काम झालं की माणूस हात धुतो, चहा मागतो. हा गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. आमचा अकरावा मजला. खाली बघत होता. मी तुळशीला पाणी घालायला सांगितलं. घातलं, पण कुंडी भरून वाहिली तरी ओततच राहिला.

शुक्रवार, २४ डिसेंबर

दुखणं सापडलं! अंशुमनने शोधलं. आत कागदाच्या पट्टीसारखी चपटी वायर असते, ती खराब होती. नेताना चूक व्हायची, मग परत न्यायचं, परत चूक. आणि हे यंत्र असं आहे म्हणे, की सारखं चुकलं की ते आपणहून हळू चालायला लागतं. पुढे चूक थांबली तरी हळूच चालतं. कोणीतरी आत जाऊन त्याला सांगावं लागतं की बाबा, आता पूर्वीसारखा चाल. ते सांगणं कुठे असतं ते अंशुमनलाही माहीत नव्हतं, कंपनीतल्या कोणालातरी विचारून आला. वायर बदलली आणि तसं सांगितलं.

"आजी, आता बघा." कोणाचीतरी मुंज हलवून दाखवली. मी देवाला फुलं वाहीपर्यंत संपली. बाण कसा, उंदरासारखा पळत होता.

मी अंशुमनला साखरेची वडी दिली. राजीवला म्हटलं, "आता तरी हस."

"बघू," म्हणाला.

मेला बघू. या घरात सगळं बघूच आहे. मी अंशुमनला म्हटलं, तुझा वाण नाही पण गुण तरी याला लागू दे. तर तो राजीवच्या तोंडाकडे बघत होता. "काका, जुना डेटा चेक केला ना? ज्या दिवशी वायर खराब होती तेव्हा जे शिफ्ट केलं ते?"

"केला," राजीव म्हणाला.

मंगळवार, २८ डिसेंबर

धुकं इतकं की समोरचा टॉवर नाहीसा झालाय. मी खुर्ची गॅलरीच्या दारात घेतली आहे. तिथे ऊन चांगलं लागतं. हेमांगी म्हणाली, "आई, ऊन कुठे आहे? गुडघे धरतील." मी म्हटलं, येईल.

मशीन परत स्लो झालंय. राजीव म्हणतो. पडद्यावर दिवसभर कागद उडत असतात. तो सकाळी आंघोळ करून, शर्ट आत खोचून समोर बसतो, ऑफिसला बसल्यासारखा. दाढी मात्र करत नाही. मी म्हटलं अंशुमनला बोलाव, तर, "नको. त्याला काही येत नाही."

कुसुमचा फोन आला होता. वर्षश्राद्धाला सगळे जमणार, पुण्याचा दीरही येणार. तेव्हा लावायचंय. मी सांगितलं, होतंय गं, मशीन स्लो आहे.

मंगळवार, ४ जानेवारी २००५

आज मी खुर्ची उचलून त्याच्या मागे जाऊन बसले. मोजे विणायला घेतले, म्हणजे बघतेय असं वाटू नये. पट्टी भराभर भरली. मला वाटलं, सुटलं एकदाचं. तर याने तेच उचललं आणि उलटं परत आणायला लावलं. परत कागद उडायला लागले, या पाकिटातून त्या पाकिटात.

"काय नेतोयस?"

"टेस्टिंग."

"आत्ता तर झालं."

"आई, तुला यातलं कळत नाही."

नाही कळत. पण आमच्या गावी एक बाई होती. मुलगा विहिरीत गेल्यावर ती दिवसभर एकाच घागरीतलं पाणी दुसरीत ओतायची आणि दुसरीतलं पहिलीत. कोणी विचारलं की म्हणायची, पाणी भरतेय. तिलाही कोणी काही म्हटलं नाही.

मी परत गॅलरीच्या दारात येऊन बसले.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला. दरवर्षी जातो. राजीवला चल म्हटलं, नाही म्हणाला. मग हेमांगीला म्हटलं, तू रजा घे आणि घरी थांब. "का?" म्हणाली. मी म्हटलं, तिळाच्या पोळ्या कर. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि रजा घेतली.

बसमध्ये कुसुम शेजारी. शाल नवी, डोळे तेच. कर्नालच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचं चालूच.

"इंदू, त्यात काय आहे माहितेय? गाता गाता हे मधेच शब्द विसरतात. आणि विसरले स्वतः, पण रागावतात तबलजीवर! 'अरे, तू का थांबलास?' सगळे हसतात. मग हेही हसतात."

"आठवतंय मला. मी पुढच्याच रांगेत होते."

"मला गाणं नकोय गं. गाणं सगळ्यांचंच बरं असतं. ते रागावणं बघायचंय. तेवढं. नातवाने ऐकलंच नाही कधी आजोबांना रागावताना, शेवटी तर नुसते पडून होते."

मी खिडकीतून मोहरीची शेतं बघत होते.

"होईल ना गं?"

"मशीन स्लो आहे," मी म्हटलं.

"असू दे. राजीव आहे म्हणून मी निर्धास्त आहे. कोणाही दुकानदाराला दिली असती का मी?"

स्तंभापाशी हार घातले, भाषणं झाली. कोण कुठे पडलं, कोण कसा कापला गेला, सगळं माइकवरून खणखणीत. माणसं थंडीत उभी राहून ऐकत होती, तिळगूळ वाटत होती. इथे हरल्याचं कोणी लपवत नाही. अडीचशे वर्षं होत आली म्हणून असेल.

रविवार, १६ जानेवारी

पूजा झाल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "लाव भावजींना. आत्ता."

"आई, मशीन..."

"मशीनचं नाव काढलंस तर हा तांब्या ओतीन त्यावर."

लावलं. मांडव दिसला, मागे गणपती, आणि भावजी बसलेले, खांद्यावर उपरणं. खाकरले. तोंड उघडलं आणि तसेच राहिले. मग तोंडाचे चौकोन चौकोन झाले, हिरवे, जांभळे. घर्रर्र आवाज. मग काळं. पुढे नेलं तरी काळं. शेवटी एकदा कोणाचातरी हात दिसला, टाळी वाजवत होता बहुतेक.

"कधीपासून?"

"ज्या दिवशी नेलं. इकडचं पुसलं गेलं आणि तिकडे हे."

महिना होत आला. महिनाभर हे पोटात ठेवून हा शर्ट खोचून बसत होता.

"अरे, मग सांगितलं का नाहीस? रोज कसले कागद उडवत बसला होतास?"

तो पडद्याकडेच बघत होता. "मशीन स्लो आहे म्हटलं की ते अजून येतंय असं वाटतं, आई."

हेमांगी पोळपाट सोडून दारात आली होती. पिठाचे हात तसेच. तीच खाली जाऊन अंशुमनला घेऊन आली. त्याने बराच वेळ खटपट केली, कुठून कुठून शोधलं. मग हात मांडीवर ठेवले.

"काका, कट केलेलं लगेच जात नाही. जागेवर असतं, फक्त दिसत नाही. वायर ठीक झाली त्याच दिवशी बोलला असता तर निघालं असतं, शायद पूरा निघालं असतं. पण त्या जागेवर नंतर रोज दुसरं लिहिलं गेलंय. बार बार. आता काही नाही."

रोज दुसरं कोणी लिहिलं, हे त्याने विचारलं नाही. आम्हीही नाही.

राजीव रडला. आवाज न करता, नाक पुसत, सहावीत नापास झाला होता तेव्हासारखा. मी पाणी दिलं. मला रडू आलं नाही. गॅलरीचं दार लावून घेतलं, थंडी फार होती.

बुधवार, १९ जानेवारी

जेवताना हेमांगी म्हणाली, "कुसुमकाकूंना सांगू की कॅसेटच खराब होती. बुरशीने आतलं आधीच गेलेलं. खोटं तरी कुठे आहे? बुरशी होतीच."

मला ते बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा घास नीट गिळला. कुसुम विश्वास ठेवेल, बुरशी तिने स्वतः पाहिली होती. रडेल आणि जाईल.

राजीवही लगेच म्हणाला, "हो. आणि आई, तूच सांग. काकू तुझं ऐकतात. मी त्या वेळी बाहेर जाईन कुठेतरी."

"कुठे जाशील?"

"जाईन. कुठेतरी."

हेमांगीने वाटी खाली ठेवली. मीही. तो उठून हात धुवायला गेला, तर हेमांगी मागून बेसिनपर्यंत गेली आणि तो हात धुवेपर्यंत टॉवेल घेऊन उभी राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, २१ जानेवारी

रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण झोपले होते. सकाळी ठरवलं.

मशीनचं दुखणं मी सगळ्यांना सांगितलं. मुंजवाल्यांना, कुसुमला, बसमध्ये, फोनवर. माझ्या मागे तो बसून राहिला आणि बसून बसून होतं तेही घालवलं. आता बुरशीही मीच सांगायची. मग पुढचं जे काही असेल ते कोण सांगणार? मी या दारात खुर्ची टाकून किती हिवाळे बसणार आहे? गुडघे आत्ताच बोलतात.

हरणं होतं. माणसाचं जातं. पण गेलं, माझ्या हातून गेलं, एवढे शब्द ज्याच्या तोंडातून निघत नाहीत तो आतल्या आत कागद उडवत राहतो. मला शाळा नाही, यापेक्षा चांगलं लिहिता येत नाही.

कुसुम कदाचित आयुष्यभर आमच्याशी बोलणार नाही. तिचा हक्क आहे. राजीव कदाचित कोसळेल. कोसळला तर आम्ही दोघी आहोत, खाली फरशी आहे, अकरा मजले नाहीत. मला यातून काही चांगलं निघेल असं वाटत नाही. भावजी काही परत येत नाहीत, रागावलेले तर नाहीच नाही.

राजीवला सांगितलं. "नाही जमणार आई," म्हणाला. मी म्हटलं, जमायचा प्रश्न नाही. हेमांगीला सांगितलं. ती म्हणाली, "मी त्याच्या शेजारी बसू?" बस म्हटलं. बसायला हरकत नाही, बोलायचं नाही.

उद्या कुसुम चारला येते. दार मी उघडीन. चहा हेमांगी ठेवील. मशीन बंद ठेवायचं, बुरशीचं नाव कोणी काढायचं नाही. चकती झाली का, हे कुसुम मलाच विचारील, सवयीने, माझ्याकडे बघून. मी खाली बघीन. हेमांगीने तोंड उघडायचं नाही. उत्तर राजीवने द्यायचं. वेळ लागला तरी त्यानेच.